तुती: बांधावर, ताटात आणि गव्हाणीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या बांधावर तुतीची 2 मोठी झाडं आहेत आणि विहिरीकडच्या अंगाला अर्धा एकर छाटणीची तुती. झाडाखाली फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरांची गर्दी असते, प्लॉटजवळ शेळ्यांची. येणारा-जाणारा उभा राहून काही ना काही विचारतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

तुती म्हणजे रेशीमवाल्यांचं पीक ना? घरच्याला त्याचा काय उपयोग?

मराठवाड्यात तुती म्हटलं की लोकांना शेडमधल्या अळ्याच दिसतात. त्यात चूक काही नाही. रेशमाचा किडा तुतीच्या पाल्यावरच जगतो आणि बीड-जालन्याकडच्या कितीतरी घरांना या पाल्याने हात दिला आहे. पण अळ्यांसाठी लावलेल्या तुतीला कधी झाड होऊच देत नाहीत. ती दर दोन-अडीच महिन्यांनी जमिनीपासून फूटभरावर छाटली जाते, आणि फळ धरलंच तर शेतकरी कपाळाला आठ्या घालतो, कारण त्याला पाला हवा असतो. त्यामुळे झालं काय, की एवढी तुती लावूनही तुतीचं फळ पोटभर न खाल्लेली पिढी आपल्याकडे तयार झाली. माझं म्हणणं साधं आहे: रेशीम करा किंवा करू नका, बांधावर एक झाड न छाटता वाढू द्या, आणि गोठा असेल तर दहा-वीस गुंठे पाल्यासाठी लावा. ही दोन्ही कामं वेगळी आहेत, त्यांची बेणी वेगळी आहेत. पुढचे बरेचसे प्रश्न या दोन्हींची गल्लत झाल्याने येतात.

बेकरीतल्या टुटीफ्रुटीत तुती असते का?

नसते. तो कच्च्या पपईचा रंगीत, पाकवलेला चुरा असतो. नाव इटालियन आहे, त्याचा अर्थ ‘सगळी फळं’. गंमत अशी की त्यात आपली तुती तर नाहीच, पण सगळी फळंही नाहीत.

तुती, शहतूत, मलबेरी, ही वेगवेगळी फळं आहेत का?

झाड एकाच गोतातलं, नावं वेगळी. ‘तूत’ हा शब्द फारसीतही आहे आणि ‘शाहतूत’ म्हणजे राजेशाही तुती. बाजारात सहसा बोटाएवढ्या लांब फळाला शहतूत म्हणतात. ते पिकलं तरी कधीकधी हिरवट-पांढरंच राहतं आणि नुसतं गोड लागतं. आपल्याकडच्या झुडपांना येणारं फळ इंच-सव्वा इंचाचं असतं. ते हिरवं, मग लाल, मग काळं-जांभळं होतं आणि त्याला आंबटपणाची धार असते. महाबळेश्वर-पाचगणीला उन्हाळ्याच्या तोंडाला स्ट्रॉबेरीशेजारी ‘मलबेरी’ म्हणून द्रोणात विकतात ती हीच. पर्यटक तिला परदेशी समजून दाम मोजतात आणि गावी परतल्यावर बांधावरच्या तुतीला ओळखही दाखवत नाहीत.

कुळ विचाराल तर तुती ही वड, उंबर आणि फणसाची भावकी. पान तोडलं की चीक येतो तो त्यामुळेच. आणि एक तुती म्हणजे एक फळ नव्हेच. फणसात जसा एकेक गरा एकेका फुलाचा, तसा तुतीतला प्रत्येक टपोरा दाणा एकेका फुलातून झालेला असतो.

आमच्या तुतीला फळच लागत नाही. का?

तीन शक्यता आहेत. पहिली, तुम्ही ती सारखी छाटता. दुसरी, झाड दाट सावलीत आहे. तिसरी शक्यता लोकांना पटत नाही, पण खरी आहे: झाड नर असेल. तुतीत नर फुलं आणि मादी फुलं बऱ्याचदा वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर झाडाला तुरे लोंबतात, परागकण उडतात आणि खेळ संपतो. (पांढऱ्या तुतीचे हे तुरे परागकण इतक्या झटक्याने फेकतात की वनस्पतींच्या सगळ्यांत वेगवान हालचालींत त्याची गणना होते. याच परागकणांच्या त्रासापायी अमेरिकेत टक्सन आणि लास व्हेगाससारख्या शहरांनी तुती लावण्यावर बंदी घातली.) बियांपासून केलेल्या रोपाचं लिंग कळायला काही वर्षं जातात. म्हणून फळासाठी झाड हवं असेल तर ज्या झाडाची तुती तुम्ही स्वतः खाऊन पाहिली आहे, त्याचीच कांडी आणा.

फळाच्या झाडाला हलकी छाटणी मानवते. डिसेंबरच्या सुमारास बारीक, गुंतलेल्या फांद्या काढून पाणी दिलं की नव्या फुटीबरोबर फळ येतं.

कांडी कशी लावायची?

सहा-आठ महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घ्या. शेंड्याचा कोवळा भाग आणि बुडाचा जून भाग टाकून द्या. मधल्या भागाचे तीन-चार डोळ्यांचे, वीतभर लांबीचे तुकडे करा. डोळ्यांचं तोंड वर ठेवून, थोडं तिरकं खोचून, एखादाच डोळा मातीबाहेर ठेवायचा. माझ्या पहिल्या लागणीत मी अर्धी बेणी उलटी खोचली होती. वडिलांनी दोन आठवडे काही म्हटलं नाही, मग म्हणाले, “तुझी तुती खाली उगवतेय वाटतं.”

पावसाळ्याची सुरुवात उत्तम. वाळवी असलेल्या रानात थेट कांडीऐवजी तीन-चार महिन्यांचं रोप लावलेलं बरं, म्हणजे नांग्या (मधेच रिकाम्या राहिलेल्या जागा) कमी पडतात. पाणी साचणारी जमीन सोडली तर तुती फारसं कुठे रुसत नाही.

पाल्यासाठी लावायची तर कोणती जात, किती अंतरावर?

म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेची व्ही-1 ही जात सध्या जवळपास सगळीकडे दिसते. मोठं, जाड, चकचकीत पान आणि सरळ वाढणाऱ्या फांद्या. ओलिताखाली, खत-पाण्याची हयगय न करता हेक्टरी वर्षाला 60 टनांपुढे पाला देण्याची तिची ताकद आहे. एस-36 चं पान मऊ असतं, ते लहान अळ्यांसाठी म्हणजे चॉकीसाठी चांगलं. जुन्या प्लॉटांवर एम-5 अजून टिकून आहे.

पट्टा पद्धतीत दोन ओळींचा एक पट्टा धरतात; पट्ट्यातल्या दोन ओळींत 3 फूट, दोन पट्ट्यांत 5 फूट आणि दोन झाडांत 2 फूट अंतर ठेवतात. हिशेबाने एकरी सुमारे 5,400 झाडं बसतात. पाच फुटांच्या मोकळ्या पट्ट्यातून छोटा ट्रॅक्टर किंवा बैलाची औत जाते. पहिलं वर्ष मुळं बसण्यात जातं, तेव्हा घाई करून ओरबाडू नका. पुढे नीट जपलेला प्लॉट पंधरा वर्षं सहज चालतो.

फक्त चार शेळ्यांपुरता पाला हवा असणाऱ्याने या जातींच्या नावांत फार अडकू नये. जवळच्या रेशीम शेतकऱ्याच्या छाटणीतून बेणं फुकट मिळतं, तेच लावा.

शेळ्यांना तुती खरंच चालते? किती घालायची?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेळीला तुती नुसती चालत नाही, तिच्यासमोर मका, कडबा आणि तुती ठेवली तर ती आधी तुतीकडेच जाते. कारण तिच्या दृष्टीने सरळ आहे: शेळीला गवतापेक्षा पाला ओरबाडायला आवडतो. आपल्या दृष्टीने कारण प्रथिनांचं आहे. तुतीच्या पाल्यात वाळल्या वजनावर साधारण 15 ते 25 टक्के प्रथिनं असतात. कोवळ्या पाल्यात जास्त, जून पाल्यात कमी. ज्वारीच्या कडब्यात चार-पाच टक्क्यांपलीकडे नसतात. शिवाय हा पाला पचतोही चांगला. सुबाभळीत मायमोसिन नावाचा घटक असतो, त्यामुळे ती जपून घालावी लागते आणि अति झाल्यास केस गळतात. तुतीत ते नाही. कॅल्शियम भरपूर असतं.

आता किती? 30 किलोच्या शेळीला दिवसाला सुमारे 1 किलो कोरडं खाद्य लागतं. त्यातला एक तृतीयांश तुतीतून द्यायचा ठरवला तर 330 ग्रॅम कोरडा पाला झाला. हिरव्या पाल्यात चार भागांतले तीन भाग पाणी असतं, म्हणजे हिरवा पाला साधारण सव्वा किलो. फांद्यांसह तोलत असाल तर दोन-अडीच किलो धरा, कारण काड्या मागे उरतातच. बाकीचं पोट कडबा, भुसकट किंवा गवताने भरू द्या. तुती एकटी घालणं परवडत नाही आणि गरजही नाही. तिचं खरं काम वाळलेल्या वैरणीला जोड देण्याचं आहे. कडब्यावर सुकलेली शेळी थोड्या तुतीने तोच कडबा जास्त खाते आणि जास्त पचवते.

पद्धतीच्या तीन गोष्टी सांभाळा. सवय हळूहळू लावा, आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवत न्या. उपाशी शेळीपुढे एकदम कोवळ्या पाल्याचा भारा टाकलात तर पोट बिघडणारच. पाऊस किंवा दव असेल तर पाला तास-दोन तास पसरून सुकवून घाला. आणि पाला गव्हाणीत न टाकता फांद्यांची जुडी बांधून शेळीच्या तोंडाच्या उंचीला टांगा. खाली पडलेल्या, तुडवलेल्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, हे शेळीवाल्याला सांगायला नको.

एक मात्र कधीच करू नका: शेळ्या प्लॉटमध्ये मोकळ्या सोडणं. त्या पाला खाऊन थांबत नाहीत, साल सोलतात. कापून आणून घाला.

गाई-म्हशींना घातली तर पेंड कमी करता येईल का?

थोडी करता येते. हिरव्या पाल्याच्या वजनात ढोबळ मानाने 5 टक्के प्रथिनं धरली तर साडेचार किलो पाल्यातून सव्वादोनशे ग्रॅम प्रथिनं मिळतात. साधारण तेवढीच 1 किलो सरकी पेंडीत असतात. पण पेंडीत तेलही असतं, तुतीत नसल्यात जमा. म्हणून पेंड पूर्ण बंद करायला मी कुणाला सांगणार नाही. दुभत्या गाईला चार-पाच किलो पाला देऊन दुधाकडे आणि फॅटकडे पंधरा दिवस लक्ष ठेवा, मग पेंडीला हात लावा.

पावसाळ्यात पाला अंगावर येतो तेव्हा कुट्टी करून मक्याबरोबर मुरघासात दाबता येतो. किंवा सावलीत वाळवून पोत्यात भरा, पाना-पानाचा चुरा होऊ न देता.

कोंबड्या, ससे, मासे?

ससे आवडीने खातात. कोंबड्यांना वाळल्या पाल्याची पूड खाद्यात थोडी, शेकडा पाचाच्या आसपास. बलकाचा रंग गडद पिवळा होतो. माशांत गवत खाणारा ग्रासकार्प पाला खातो.

चीनमध्ये हूजोऊ भागात माशांच्या तळ्यांच्या बांधांवर तुती लावायची फार जुनी रीत आहे. पाला अळ्यांना, अळ्यांची विष्ठा माशांना, तळ्यातला गाळ परत तुतीला. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतलं. आपल्याकडे शेततळ्यांचे बांध तर उघडेच पडलेले असतात. प्लास्टिक अस्तर असेल तर मुळं त्यात घुसणार नाहीत एवढ्या अंतरावर लावायला काय हरकत आहे?

रेशीम अळ्यांनी खाऊन उरलेला पाला जनावरांना घालावा का?

बरेच रेशीम शेतकरी घालतात, आणि शेळीचं त्यावर चांगलं भागतं. पण शेडमध्ये रोग येऊ नये म्हणून अळ्यांवर चुना आणि निर्जंतुक पावडर धुरळलेली असते. ज्या दिवशी पावडर टाकली त्या दिवसाचा पाला गव्हाणीत नको, कंपोस्ट खड्ड्यात घाला. वरवरच्या स्वच्छ काड्या वेगळ्या काढून घातल्या तर ठीक.

रेशीमही करावं म्हणतो. जमेल का?

हा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यासाठी जिल्हा रेशीम कार्यालय आहे. योजनांचे निकष बदलत असतात, ते तिथेच विचारा. ढोबळ चित्र एवढंच: अंड्यातून निघाल्यापासून कोष विणायला लागेपर्यंत अळीचे 25 ते 28 दिवस, त्यात ती चार वेळा कात टाकते. शेवटच्या आठवड्यात ती एवढं खाते की माणसाचं जेवण राहतं पण तिचं राहू देता येत नाही. पूर्वी कोष विकायला रात्रभर प्रवास करून कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं; आता जालन्यालाही कोष बाजार आहे. शेजारच्या रानातली एक फवारणी वाऱ्याने पाल्यावर आली तर सगळी बॅच जाते, म्हणून शेड बांधण्याआधी शेजाऱ्याशी बोलून घ्या.

विदर्भातून कुणी विचारतं, “आमच्या गडचिरोली-भंडाऱ्याकडचं टसर तुतीचंच का?” नाही. टसर हे वेगळ्या किड्याचं जंगली रेशीम; त्याच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या जंगलात वाढतात.

झाडाची पानं शेंड्याला गोळा होऊन चुरगळतात. काय रोग आहे?

याला टुकरा म्हणतात. गुलाबी पिठ्या ढेकूण रस शोषतो, शेंडा आखडतो, पान जाड आणि गडद होतं. असे शेंडे खुडून जाळा, खाली टाकू नका. क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा हे ढेकूण फस्त करतो. तो सोडला असेल तर औषध फवारू नका. पावसाळ्यानंतर पानांवर तांबेरा आणि थंडीत पानामागे भुरी येते. पाला वेळेत कापत राहणं हाच त्यावरचा अर्धा इलाज, कारण जून पानावर रोग जास्त बसतो. फवारलीच तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्या झाडाचं फळ खाणं आणि पाला जनावरांना किंवा अळ्यांना घालणं, तिन्ही बंद.

फळात खायला असतं तरी काय?

100 ग्रॅम ताज्या तुतीत 43 कॅलरी, 36 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि जवळपास 1.8 मिलिग्रॅम लोह. बाकी बहुतेक पाणी. एवढ्या रसाळ फळात एवढं लोह क्वचित. काळा-जांभळा रंग जांभळातल्यासारख्याच अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. ताकदीची गोळी समजू नका, पण शाळेतून आलेल्या पोराला बिस्किटाऐवजी मूठभर तुती कधीही चांगली.

हिरवी, चिकाळ फळं खाऊ नका, पोट बिघडतं.

मधुमेहावर तुतीच्या पानांचा चहा चालतो म्हणतात?

पानात डीएनजे नावाने ओळखलं जाणारं एक द्रव्य असतं. आतड्यात पिष्टमय पदार्थांची साखर होते, तो वेग ते कमी करतं. जपान-कोरियात असा चहा पितात, त्यामागे हा आधार आहे. पण तुमची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन्ही मिळून साखर खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगूनच प्या, आणि चहा प्यायला म्हणून गोळी सोडू नका. आमच्या गावात एकाने हे केलं, त्याला तालुक्याला न्यावं लागलं.

पानांची भाजी होते का?

होते, शेंड्याची दोन-तीन कोवळी पानंच घ्यायची. उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, लसूण-मिरचीच्या फोडणीत मुगाच्या डाळीबरोबर. चवीला थोडी राजगिऱ्याकडे झुकणारी. मी अळूवडीसारखी वडीही करून पाहिली. जून पान खरखरीत लागतं आणि उलगडतं. ती फसली. भजी मात्र झकास.

तुती उतरवायची कशी, टिकवायची कशी?

एकेक वेचत बसाल तर हात रंगतील आणि बुलबुल-साळुंक्या तुमच्याआधी उरकतील. झाडाखाली जुनी साडी किंवा शेडनेट पसरा आणि फांदी हलकेच हलवा. पिकलेली तेवढी पडतात, कच्ची वर राहतात. सकाळच्या गारव्यात काढा. धुवायची ती खाताना, आधी नाही.

ताजी तुती एक-दोन दिवसांच्या वर राहत नाही. मंडईत ती क्वचित दिसते ती यामुळेच. तिला ट्रकचा धक्का सोसत नाही. जास्त झाली तर ताटात पसरून गोठवा, मग डब्यात भरा. जॅमला 1 किलो तुतीला 600 ग्रॅम साखर आणि 2 लिंबं. तुतीत घट्ट करणारं पेक्टिन कमी असतं, तेव्हा एक आंबट सफरचंद किसून घाला, नाहीतर सरबतच होईल. सरबत झालं तरी बिघडत नाही म्हणा. लालसर, अर्धवट पिकलेली तुती हिरवी मिरची, जिरं आणि गुळासोबत वाटली की भाकरीबरोबरची चटणी होते. आमच्या घरी जॅमपेक्षा ही आधी संपते.

वाळवायची असेल तर पांढरी गोड जात हवी. अफगाणिस्तान आणि पामीरच्या डोंगरांत वाळवलेली तुती हिवाळ्याची शिदोरी आहे. तिथे ती दळून, कधी अक्रोडासोबत कुटून खातात. त्याला तलखान म्हणतात. आर्मेनियात तुतीची दारू गाळतात. आपल्याकडे देशावरच्या मार्चच्या उन्हात दोन-तीन दिवसांत मनुक्यासारखी होते. कोकणात दमटपणामुळे बुरशी धरते, तिथे सरबताचाच नाद करा.

दारात लावली तर चालेल का?

दारात, पण दारावर नको. शहाबादी फरशी, उभी गाडी आणि कपड्यांची दोरी यांच्यापासून वीसेक फूट लांब. न छाटलेलं झाड तीस-चाळीस फूट उंच जातं. फळाच्या दिवसांत पक्षी दिवसभर आणि वटवाघळं रात्रभर येतात, आणि आपला जांभळा हिशेब मागे ठेवून जातात.

आणि कपड्यांवरचे डाग?

कच्ची, लाल तुती त्या डागावर चोळायची आणि लगेच थंड पाण्याने धुवायची. फळातला आंबटपणा डाग उतरवतो, लिंबूही चालतं. गरम पाणी आणि साबण आधी लावलात तर डाग पक्का. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याची मात्र मी खात्री देत नाही.